कला-संगीत शिक्षण, शालेय (मराठवाडा)

शालेय अभ्यासक्रमात चित्रकला, हस्तव्यवसाय, गायन, वादन इ. विषयांद्वारे दिले जाणारे शिक्षण. डोळा, हात व कान यांना वळण लावणे हे त्याचे मुख्य कार्य असून कलावंत घडविणे हा त्याचा आनुषंगिक लाभ होय. महाराष्ट्रात या शिक्षणाचा विकास प्रदेशपरत्वे भिन्न प्रकारे झाला.

मुंबईत जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून १८५७ मध्ये कलाशाळा निघाली. पुढे एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांमुळे हा विषय गावोगावच्या शाळांत पोहोचला. संगीताची वाट अधिक बिकट होती. बडोद्यास मौलाबक्ष यांची गायनशाळा (१८८६) आणि लाहोर येथे विष्णु दिगंबर पलुस्करांचे गांधर्व महाविद्यालय (१९०१) यांनी स्वरलेखन, क्रमिक पुस्तके व ठरावीक वर्ग यांच्या साहाय्याने गाणे समूहाला शिकविता येते, हे दाखवून दिले. गुरुमुखातून मिळणारे बारकावे वर्गात हरवतात, हा आक्षेप खोटा नाही. तथापि घराण्याबाहेरच्या मुलांना गायनविद्या सुलभ झाली ती या वर्गांमुळेच.

मराठवाडा १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता व तेथे माध्यमिक शिक्षणाचे माध्यम उर्दू होते. औरंगाबादची (आता छत्रपती संभाजीनगर) सरस्वती भुवन (१९१५), हिप्परगे येथील राष्ट्रीय शाळा (१९२१) यांसारख्या संस्थांनी मराठी मुलांसाठी वेगळी वाट पाडली. १९३८ मध्ये औरंगाबादचे इंटरमिजिएट कॉलेज व उस्मानिया विद्यापीठ यांच्या वसतिगृहांत ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास मनाई झाली. विद्यार्थ्यांनी ती मोडली. अनेकांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील पुष्कळांनी नागपूर विद्यापीठात प्रवेश घेतला. वेळापत्रकात गाण्याचा तास असो वा नसो, एकत्र म्हटलेल्या गीताचे सामर्थ्य राज्यकर्त्यांनी अचूक ओळखले होते, असेच म्हणावे लागते.

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला व येथील शाळा मुंबईच्या शिक्षणव्यवस्थेशी जोडल्या गेल्या. रेखाकला परीक्षा राज्याचे कला संचालनालय (स्थापना १९६५) घेते. नांदेडचे नाथराव नेरळकर (१९३५–२०२१) यांनी औरंगाबादच्या सरस्वती भुवन महाविद्यालयात संगीताचे अध्यापन केले.

२००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीची पटसंख्या शंभरांहून अधिक असेल, तेथेच कलेसाठी अंशकालीन निदेशक देण्याची तरतूद आहे. परिणामी लहान गावांतील शाळा तिच्या कक्षेबाहेर राहतात. कंधारसारख्या डोंगराळ तालुक्यात ही उणीव विशेष जाणवते. वास्तविक येथे साधनांचा तुटवडा नाही. राष्ट्रकूटकालीन शिल्पावशेष, जगत्तुंग समुद्र हा जलाशय व भुईकोट किल्ला कंधारातच आहेत. पूर्वी याच तालुक्यात असलेल्या माळेगावी मार्गशीर्षात खंडोबाची यात्रा भरते व तेथे वाघ्या-मुरळींची गाणी ऐकू येतात. केशवराव धोंडगे यांनी भरविलेल्या गुराखी साहित्य संमेलनांत तर गुरे राखणाऱ्यांच्या गाण्यांनाच व्यासपीठ मिळाले. परीक्षेतील वस्तुचित्रात मात्र अजून भांडी व फळेच प्रामुख्याने मांडली जातात.