चेनसॉची रेस खाली येत नाही? कार्बोरेटर बदलण्याआधी क्रँकचे ऑइल सील तपासा

बीड : बांधावरची वेडी बाभूळ काढायची असो, वळवाच्या वाऱ्यात आडवा झालेला लिंब तोडायचा असो, पेट्रोलवरची लाकूड कापायची मशीन म्हणजे चेनसॉ आता गावोगाव दिसते. पण काही वर्षं वापरलेली मशीन एक दिवस वेगळंच वागायला लागते. ट्रिगर सोडलं तरी रेस खाली येत नाही, चेन फिरतच राहते. कधी आपोआप भन्नाट पळते, कधी स्लोवर धरत नाही. मग कार्बोरेटरचे स्क्रू पिळायचे, नाहीतर कार्बोरेटरच नवा टाकायचा. दोन दिवस बरी चालते, तिसऱ्या दिवशी परत तेच.

असं होत असेल तर दुखणं कार्बोरेटरमध्ये नसून क्रँकच्या दोन्ही बाजूंना बसवलेल्या रबरी ऑइल सीलमध्ये असू शकतं. सील ही किरकोळ किमतीची वस्तू आहे. पण ती खराब असताना मशीन चालवत राहिलं तर पिस्टन आणि सिलिंडर जातो, आणि जुन्या मशीनला तो खर्च परवडत नाही. ट्रिगर सोडल्यावरही फिरणारी चेन पायाला लागली तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको. अशी मशीन आधी बाजूला ठेवा.

सील नेमकं काय करतं?

चेनसॉचं इंजिन टू-स्ट्रोक. पिस्टन वर गेला की खालच्या क्रँककेसमध्ये ओढ तयार होते आणि कार्बोरेटरमधून हवा, पेट्रोल आणि टू-टी ऑइलचं मिश्रण आत येतं. पिस्टन खाली आला की तेच मिश्रण दाबाने वर सिलिंडरमध्ये जातं. म्हणजे क्रँककेस हा एक पंपच आहे, आणि पंपाला भोक पडून चालत नाही. क्रँकचा दांडा एका बाजूने मॅग्नेटकडे आणि दुसऱ्या बाजूने क्लचकडे बाहेर येतो. तिथून हवा जाऊ-येऊ नये म्हणून दोन्हीकडे एकेक सील असतं.

सीलची कड कडक झाली किंवा चिरली की इंजिन तिथून जादा हवा घेतं. मिश्रणात पेट्रोल कमी पडतं. या इंजिनाला वंगण पेट्रोलमधूनच मिळत असल्यामुळे पेट्रोल कमी म्हणजे ऑइलही कमी. एकीकडे उष्णता वाढते, दुसरीकडे वंगण घटतं, आणि पिस्टन घासून जाम होतो. ज्यांनी जुनी टू-स्ट्रोक बजाज चेतक वापरली आहे त्यांना क्लचकडचं सील गेल्यावर निघणारा धूर आठवत असेल. तिथे सील गेलं की गिअरबॉक्सचं ऑइल आत ओढलं जायचं. चेनसॉमध्ये बहुतेक वेळा नुसती हवा आत जाते, धूर दिसत नाही, म्हणून रोग लवकर कळत नाही.

आपल्याकडे सील लवकर जाण्याचं एक कारण म्हणजे मशीन पडून राहणं. दसरा-दिवाळीला घरची माणसं ऊसतोडीला गेली की मशीन टाकीतल्या पेट्रोलसकट पाच-सहा महिने कोपऱ्यात. त्यात आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल २०२३ पासून टप्प्याटप्प्याने आलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, आणि जुन्या मशिनीतलं रबर त्याला टिकेलच असं नाही. आपल्याच माणसांनी तोडलेल्या उसाचं इथेनॉल आपल्याच मशीनचं रबर खातं, असा हा प्रकार.

आधी स्वस्तातलं तपासा

लगेच इंजिन खोलू नका. पेट्रोलची नळी चिरली आहे का, टाकीतला फिल्टर तुंबला आहे का, कार्बोरेटर आणि सिलिंडरच्या मधलं रबर फाटलं आहे का, सिलिंडरचे बोल्ट ढिले आहेत का, हे पाहा. मधलं रबर फाटलं तरी लक्षणं हुबेहूब अशीच दिसतात. नंतर सायलेन्सर काढून भोकातून पिस्टन बघा. त्यावर उभे खोल ओरखडे असतील तर नुसत्या सीलने भागणार नाही.

मशीन चालू ठेवून मॅग्नेटजवळ पेट्रोल किंवा क्लीनर फवारायचा आणि रेस बदलते का बघायचं, अशी एक पद्धत आहे. ती करू नका. शेजारीच तापलेला सायलेन्सर असतो.

घरच्या घरी करण्यासारखी बरी चाचणी बीपी मोजायच्या यंत्राची आहे. घड्याळी काट्याचं, रबरी फुग्याचं जुनं यंत्र चालतं. सायलेन्सर आणि कार्बोरेटरच्या जागी जुन्या ट्यूबचा तुकडा लावून दोन्ही तोंडं घट्ट बंद करा. जुन्या प्लगमधली चिनी माती काढून त्यात नळी पक्की बसवा, तो प्लग लावा आणि नळी फुग्याला जोडा. पिस्टन अगदी खाली ठेवा, म्हणजे हवा क्रँककेसपर्यंत पोचते. मग २५० ते ३०० पर्यंत काटा चढवा. ३०० म्हणजे सुमारे ०.४ बार. सायकलचा किंवा गाडीचा पंप लावू नका, जादा दाबाने चांगलं सीलही निसटतं. काटा झरझर उतरला तर साबणाचा फेस लावून बुडबुडे कुठे येतात ते शोधा. सील नीट दिसायला क्लच आणि मॅग्नेट काढावे लागतात, ते कसे ते पुढे आहे. मात्र आतून दाब आला की सीलची कड दांड्याला जास्त चिकटते. त्यामुळे या चाचणीत पास झालेलं सील ओढ लागल्यावर हवा घेऊ शकतं. काटा टिकला आणि तरी लक्षणं तीच राहिली, तर ज्या मेकॅनिककडे व्हॅक्यूमचा हातपंप आहे त्याच्याकडून तपासून घ्या.

खोलताना

चेन आणि बार आधी काढा. क्रँक फिरू नये म्हणून प्लगच्या भोकातून स्टार्टरची जुनी दोरी आत सोडा, पण पिस्टनने सायलेन्सरकडचं भोक झाकल्यावरच. नाहीतर दोरी भोकात अडकून पिस्टनची कड तुटते. पेचकस आत घालून पिस्टन अडवू नका.

क्लचला बहुतेक मशिनींत उलटे आटे असतात. घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवलं की सुटतो. हे माहीत नसताना पाइप लावून जोर केला की आटे गेलेच. क्लचमागे ड्रम, बेअरिंग आणि चेनला ऑइल देणारा पंप असतो. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो काढा, जोडताना तोच कामाला येतो. मॅग्नेटचा नट सरळ आट्याचा असतो. तो दांड्याच्या टोकाला समपातळीत येईल इतका ढिला करून, मॅग्नेट हलकं उचलून धरून, लाकडी हातोडीने टिचकी मारा. पुलर मिळाला तर उत्तमच.

आता सील. काढण्याआधी ते किती खोल बसलंय आणि कडेची तोंडं कुणीकडे आहेत ते बघून ठेवा. दांड्याला टेकवून पेचकसने उपटायचं नाही. दांड्यावर बारीक ओरखडा पडला तरी नवं सीलही हवा घेणार. सीलच्या पत्र्यात दांड्यापासून लांब एक बारीक भोक पाडा, त्यात पत्र्याचा स्क्रू दोन-तीन आटे फिरवा आणि पक्कडीने सरळ ओढा. ड्रिलच्या टोकाला ग्रीस लावा, म्हणजे कीस आत पडत नाही. मागे लगेच बेअरिंग आहे, त्यामुळे भोक पत्र्यापुरतंच.

सील निघालं की दांडा हाताने वर-खाली हलवून बघा. खटखट लागली तर बेअरिंग गेलं आहे. मग नवं सील घालणं म्हणजे पैसे पाण्यात. इथून पुढचं काम मेकॅनिकचं.

काही छोट्या मशिनींत सील सिलिंडर आणि खालच्या पॅनच्या मध्ये दाबलेलं असतं. अशात पूर्ण इंजिन बाहेर काढून जोड उघडावा लागतो आणि पेट्रोलला टिकणारं सीलंट लावावं लागतं. पहिल्यांदाच करणाऱ्याने त्या वाटेला जाऊ नये असं माझं मत आहे.

नवं सील घेताना आणि बसवताना

जुनं सील सोबत न्या. त्यावर १२ × २२ × ७ असे आकडे असतात: आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि जाडी, मिलिमीटरमध्ये. कंपनीचा पार्ट मिळाला नाही तर तालुक्याच्या बेअरिंगच्या दुकानात या मापाचं सील मागता येतं. पेट्रोलला आणि उष्णतेला टिकणारं, म्हणजे व्हायटॉनचं मागा. एक गेलं असेल तरी दोन्ही बदला, खोलण्याची मेहनत एकदाच.

सीलची जागा आणि दांडा फडक्याने पुसून घ्या. गंज असेल तर बारीक पॉलिश पेपर दांड्याभोवती गोल फिरवा, उभा घासू नका. आट्यांवर आणि चावीच्या खाचेवर चिकटपट्टी गुंडाळा, नाहीतर नव्या सीलची कड तिथेच कापली जाते. कडेला टू-टी ऑइल लावा. सीलच्या बाहेरच्या मापाचा पीव्हीसी पाइपचा तुकडा घेऊन हलक्या हाताने, तिरकं न जाऊ देता, जुनं होतं तितक्याच खोलीवर बसवा. शक्य असेल तर जोडण्याआधी फुग्याची चाचणी परत घ्या.

जोडणी उलट क्रमाने. मॅग्नेट आणि कॉइलच्या मध्ये जाड व्हिजिटिंग कार्डाइतकी, साधारण ०.३ मिलिमीटर फट ठेवा. पूर्वी पिळलेले कार्बोरेटरचे स्क्रू पुस्तकात दिलेल्या मूळ सेटिंगवर आणायला विसरू नका, हवा बंद झाल्यावर जुनं सेटिंग चालत नाही. ऑइलचं प्रमाणही पुस्तकातलंच: ५०:१ असेल तर लिटरला २० मिली, २५:१ असेल तर ४० मिली.

मशीन गरम होऊ द्या, ट्रिगर सोडा. रेस लगेच खाली आली पाहिजे आणि चेन थांबली पाहिजे. स्लोवर असताना मशीन आडवी-तिरपी करून बघा, आवाज फारसा बदलायला नको. चेन फिरतच असेल तर क्लचच्या स्प्रिंगा बघा, त्या सैल पडल्या तरी असं होतं. आणि मशीन महिनाभर लागणार नसेल तर टाकी रिकामी करून, ती बंद पडेपर्यंत चालवून मगच ठेवा.