वंशशोध : भोपाळची मराठी कुटुंबे

एकोणिसाव्या शतकातील पूर्वजांची माहिती घरच्या व सरकारी कागदपत्रांतून जुळवण्याचे काम म्हणजे वंशशोध. भोपाळमधील अनेक मराठी कुटुंबांचा शोध शहराबाहेर सुरू होतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भोपाळ नव्या मध्य प्रदेशाची राजधानी झाले. तेव्हा नागपूर, ग्वाल्हेर, इंदूर येथील सरकारी कर्मचारी येथे आले. त्यांचे खापरपणजोबा बहुधा भोसले, शिंदे किंवा होळकरांच्या मुलखात सापडतात.

सर्वांत मोलाचे साधन म्हणजे नाशिक व त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्या. मूळ गाव व आडनाव सांगितले की उपाध्याय त्या घराण्याची नोंद काढून देतात. तीत आजोबा, वडील, भाऊ, मुलगे यांची नावे, कधी पूर्वजाची स्वतःची सही असते. जुना मजकूर अनेकदा मोडी लिपीत असल्याने मोडीचा जाणकार सोबत हवा. स्त्रियांची नावे मात्र तुटक मिळतात. लग्नात नाव बदलल्याने माहेरचा धागा हरवतो, आणि ही उणीव फार मोठी आहे.

१८७२ पासूनच्या जनगणनांचे छापील तक्ते मिळतात. त्यांत व्यक्तींची नावे नसतात.

पूर्वज भोपाळ संस्थानाच्या चाकरीत असल्यास राष्ट्रीय अभिलेखागाराच्या भोपाळ कार्यालयातील संस्थानी दफ्तर पाहावे. त्यासाठी फारसी-उर्दू जाणणारा लागतो. भोपाळच्या राज्यकर्त्या शाहजहान बेगम (कारकीर्द १८६८–१९०१) यांनी लिहिलेला ‘ताज-उल-इक्बाल’ हा इतिहास पार्श्वभूमी पुरवतो. दफ्तरे पुढेही पाहता येतील. पण घरातील वृद्धांच्या आठवणी आधी लिहून घ्याव्यात.