पीसीबीवरील घटकमांडणी

पीसीबीवरील घटकमांडणी : पीसीबीवर, म्हणजे छापील सर्किट बोर्डवर, आयसी, रेझिस्टर, कपॅसिटर, कनेक्टर इ. घटकांच्या जागा संगणकावर ठरवण्याचा टप्पा. सर्किटची आकृती पुरी झाल्यावर आणि ट्रॅक, म्हणजे घटक जोडणाऱ्या तांब्याच्या रेषा, ओढण्याआधी तो येतो. ट्रॅक ओढताना घाम फुटला, तर दोष बहुधा मांडणीतच असतो.

महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्याला यासाठी महागडे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. पवईच्या आयआयटी मुंबईतील ‘फॉसी’ प्रकल्पाने तयार केलेले ‘ईसिम’ मोफत मिळते. त्याचे आधीचे नाव ‘ऑस्कॅड’. सर्किट कसे वागेल हे त्यात ‘एनजीस्पाइस’ तपासते, आकृती आणि बोर्ड ‘कायकॅड’मध्ये होतात. कायकॅडची सुरुवात फ्रान्समध्ये झाँ-पिएर शारा यांनी १९९२ मध्ये केली. वाटेतले ट्रॅक बाजूला ढकलत पुढे सरकणारी त्यातली सोय ‘सर्न’ या संशोधनसंस्थेकडून आली.

घटक बोर्डवर आणले की जोडायच्या पॅडांमध्ये बारीक रेघांचे जाळे दिसते. एखादी आयसी नुसती अर्धी फिरवली तरी कधीकधी कितीतरी रेघा एकमेकींना छेदायच्या थांबतात. जागा बांधलेले घटक, म्हणजे कनेक्टर आणि स्क्रूची भोके, आधी बसवून लॉक करतात. मग मुख्य आयसी, मग तिच्याभोवतीचे. ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आयसीच्या सप्लाय पिनेला खेटून हवा. तो दूर गेला की मधल्या ट्रॅकचे प्रेरकत्व आड येते आणि आयसीला क्षणभर लागणारा प्रवाह वेळेवर पोचत नाही. क्रिस्टलही आयसीजवळच हवा.

हे काम संगणकावरच का सोपवू नये? दहा जागी दहा घटक ३६,२८,८०० प्रकारे बसतात आणि घटक वाढतील तशी ही संख्या झपाट्याने फुगते, म्हणजे मोठ्या बोर्डावर एकेक प्रकार तपासत बसणे आलेच नाही. कर्कपॅट्रिक, गेलॅट आणि वेची यांनी १९८३ मध्ये मांडलेली ‘सिम्युलेटेड अ‍ॅनीलिंग’ पद्धत सुरुवातीला वाईट अदलाबदलही चालवून घेते आणि हळूहळू कडक होते. ती जोडण्यांची एकूण लांबी छान कमी करते. पण स्विचिंग रेग्युलेटरचा गोंगाट सेन्सरजवळ नको, हे कुणी नियमात घातले नसेल तर तिला ठाऊक नसते. छोट्या बोर्डावर हातची मांडणी अजून सरस ठरते.

बोर्ड मोठा झाला की सॉफ्टवेअर अडखळू लागते. दोन हजार पॅडांच्या प्रत्येक जोडीतले अंतर तपासायचे म्हटले तर सुमारे २० लाख तपासण्या होतात. म्हणून ‘आर-ट्री’सारख्या रचनेने जागेनुसार नोंद ठेवून फक्त शेजाऱ्यांशीच अंतर ताडतात. कॉलेजच्या जुन्या संगणकावर आणखी दोन उपाय चालतात. मांडणी होईपर्यंत तांब्याचे भरीव पट्टे फक्त बाह्यरेषेने दाखवावेत आणि ग्राउंडच्या जोडणीरेघा झाकून ठेवाव्यात. ग्राउंडला पुढे अखंड तांबे मिळणारच असते. त्या रेघांनी पडदा भरतो आणि सिग्नलचा खरा गुंता दिसत नाही.