भास, सत्य आणि सुरत

जे दिसते तेच खरे असते काय, हा प्रश्न ग्रीक तत्त्वचिंतनाच्या मुळाशी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात एलिया नगरीच्या पार्मेनिडीझने सत्याचा मार्ग आणि लोकमताचा मार्ग असे दोन मार्ग सांगितले. इंद्रियांना जाणवणारा बदल हा भास. सत् तेवढे एक व अविकारी, हे त्याचे प्रतिपादन. पुढे प्लेटोने ‘रिपब्लिक’च्या सातव्या भागात गुहेचे रूपक योजिले. गुहेतील बंदिवान भिंतीवरील सावल्यांनाच वस्तू मानतात आणि बाहेरचा प्रकाश पाहून परतलेल्याची चेष्टा करतात. तो त्यांना सोडवू लागला, तर त्याच्या जिवावरही उठतील.

गुरुदेव रा. द. रानडे यांनी आपल्या १९२६ च्या उपनिषदांवरील इंग्रजी ग्रंथात ग्रीक व भारतीय विचारांतील साम्यस्थळे दाखविली. हे साम्य उसनवारीचे नसून दोहोंकडे स्वतंत्रपणे उमललेले आहे, असा त्यांचा कल होता. प्रश्न मानवी बुद्धीचाच असेल, तर तो कोणत्याही गावी उभा राहू शकतो. सुरतेत तो १८४४ साली उभा राहिला.

त्या वर्षी २२ जून रोजी दुर्गाराम मेहताजी, दादोबा पांडुरंग तर्खडकर व त्यांचे सहकारी यांनी येथे मानवधर्म सभा स्थापिली. १८३६ मध्ये मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारे दादोबा तेव्हा सुरतेत अध्यापन करीत होते. सभेने भुताखेतांची भीती, मंत्रतंत्रांचा दरारा आणि जातिभेद यांना बुद्धीच्या कसोटीस लावले. मांत्रिकांनी आपली विद्या लोकांसमक्ष सिद्ध करावी, असे आव्हान दुर्गारामांनी दिले. पार्मेनिडीझचे ‘एक’ इंद्रियांपलीकडचे होते. सुरतेच्या सुधारकांना मनुष्यजातीचे एकत्व रोजच्या व्यवहारात हवे होते.

पुढे दादोबा मुंबईस गेले आणि १८४९ मध्ये परमहंस मंडळी स्थापन झाली. जातिभेद मिथ्या आहे, हे सभासदांना पटले होते. तरी बैठका गुप्तपणे भरत. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे फुटली आणि मंडळी विखुरली. गुहेत परतणाऱ्याला ज्यांचे भय, त्यांचेच भय येथेही होते. भास ओळखण्यास बुद्धी पुरते. ओळखल्यावर चारचौघांत तसे वागण्यास धैर्य लागते. ते धैर्य येण्यास काही वर्षे जावी लागली. १८६७ मध्ये दादोबांचे बंधू डॉ. आत्माराम पांडुरंग यांच्या पुढाकाराने प्रार्थना समाज उघडपणे उभा राहिला.

या वाटेचा एक आरंभ आपल्या सुरतेत आहे. येथील मराठी वाचकाने तो आपल्या घरचा इतिहास म्हणून वाचावा.