तरणतलावातील अपघात आणि मुलाचा हक्क: नुकसानभरपाईच्या कायद्याची वाटचाल

पोहण्याच्या तलावात एखादे मूल जखमी झाले, तर त्याच्या आईवडिलांपुढे कोणते कायदेशीर मार्ग असतात? पोलिसांत तक्रार, दिवाणी दावा, ग्राहक आयोग, उच्च न्यायालयात रिट अर्ज, अशी उत्तरे तुम्ही द्याल. ती बरोबर आहेत. परंतु हे मार्ग एकाच वेळी निर्माण झालेले नाहीत. आधीचा मार्ग जिथे अपुरा पडला, तिथे पुढचा मार्ग उघडत गेला. कोणत्या प्रसंगी कोणता मार्ग उपयोगी पडतो, हे या इतिहासातून नीट समजते.

१. वसाहतकालीन वारसा

इंग्लंडच्या जुन्या न्यायतत्त्वानुसार जखमी माणसाचा भरपाईचा हक्क त्याच्या मृत्यूबरोबर संपत असे. या तत्त्वाला अपवाद करणारा कायदा इंग्लंडमध्ये १८४६ साली झाला. त्याच धर्तीवर भारतात १८५५ साली प्राणांतिक अपघात अधिनियम आला. त्यामुळे दुसऱ्याच्या निष्काळजीपणामुळे मृत्यू झाल्यास मृताचे पती किंवा पत्नी, आईवडील आणि मुले यांना भरपाई मागता येऊ लागली.

हा कायदा मृत्यूपुरता आहे, हे लक्षात ठेवा. मूल वाचले पण जखमी झाले, तर भरपाईचा हक्क मुलाचा स्वतःचा असतो. तो अपकृत्यांच्या न्यायालयनिर्मित कायद्यातून येतो. अज्ञान मुलाच्या वतीने दावा वादमित्र दाखल करतो. बहुधा आई किंवा वडीलच वादमित्र असतात. १९६३ च्या मुदत कायद्यानुसार मूल सज्ञान होईपर्यंत त्याच्या दाव्याची मुदत मोजली जात नाही. उलट, १८५५ च्या अधिनियमाखालील दावा मृत्यूपासून २ वर्षांत करावा लागतो.

२. दिवाणी दावा: पुरावा आणि विलंब

दिवाणी दाव्यात तीन गोष्टी सिद्ध कराव्या लागतात: काळजी घेण्याचे कर्तव्य होते, ते पाळले गेले नाही आणि त्यामुळेच इजा झाली. तलावाच्या नोंदी चालकाच्या ताब्यात असतात. पालकांच्या हाती त्या सहज येत नाहीत. अशा वेळी ‘घटनाच बोलते’ हे तत्त्व मदतीला येते. दिल्लीच्या चांदणी चौकातील घड्याळाचा मनोरा कोसळून माणसे दगावली होती. त्या प्रकरणात १९६६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व लावून महापालिकेला जबाबदार धरले.

प्रतिवादीचा नेहमीचा बचाव असा असतो: “मुलानेच खोल पाण्यात उडी मारली.” १९२२ च्या ग्लासगो प्रकरणात सार्वजनिक बागेतली विषारी फळे खाऊन ७ वर्षांचे मूल दगावले होते. मुलांना मोह पडेल अशी धोक्याची वस्तू मोकळी ठेवणाऱ्याने मुलांचा स्वभाव गृहीत धरला पाहिजे, हा विचार त्या निकालामुळे रुजला. मुलाकडून प्रौढाइतक्या सावधपणाची अपेक्षा करता येत नाही.

विलंबाचे उदाहरण मात्र एका प्रौढाचे आहे. १९७२ साली दिल्लीतील एका पंचतारांकित हॉटेलच्या तलावात उडी मारताना एक जर्मन सहवैमानिक जबर जखमी होऊन पक्षाघाताने अंथरुणाला खिळला. दावा चालू असतानाच १९८५ साली त्याचे निधन झाले. १९९७ साली दिल्ली उच्च न्यायालयाच्या एकल न्यायाधीशांनी ५० लाख रुपयांची भरपाई मंजूर केली. पुढे अपिलात खंडपीठाने तो निकाल फिरवला, कारण फिर्यादीच्या मृत्यूबरोबर त्याचा वैयक्तिक दावा संपला होता. १८५५ पूर्वीचे जुने तत्त्व पूर्णपणे गेलेले नाही, हे इथे दिसते.

३. ग्राहक कायद्याचे दार

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने प्रश्नाची मांडणी बदलली. शुल्क घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी होती का, हा आता मुख्य मुद्दा झाला. शिक्षण प्रसारक मंडळीविरुद्धच्या प्रकरणात शुल्क भरून पोहायला शिकणारा मुलगा बुडून मरण पावला होता. प्रशिक्षकाने त्याला बाहेर काढून कृत्रिम श्वास दिला, दवाखान्यात नेले. तरीही राज्य आयोगाने संस्था आणि प्रशिक्षक या दोघांच्या सेवेत त्रुटी असल्याचे ठरवले. १९९५ साली राष्ट्रीय आयोगाने हा निर्णय कायम केला. अपघातानंतरची धावपळ आधीच्या दक्षतेची जागा घेऊ शकत नाही, हा त्यातला धडा आहे.

१९९८ साली स्प्रिंग मेडोज रुग्णालय प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकले. चुकीच्या इंजेक्शनमुळे मुलाच्या मेंदूला कायमची इजा झाली होती. मूल आणि आईवडील असे दोघेही ग्राहक ठरले. मुलासाठी १२.५ लाख आणि पालकांच्या मानसिक यातनांसाठी ५ लाख रुपयांची भरपाई कायम झाली. हा विचार जखमी मुलाच्या तलाव-प्रकरणातही मांडता येतो.

या मार्गाला दोन मर्यादा आहेत. तक्रार २ वर्षांत करावी लागते. उशीर झाल्यास सबळ कारण द्यावे लागते. तसेच सर्वांना पूर्णपणे मोफत असलेली सेवा या कायद्याखाली येत नाही.

४. शाळा, रिट अर्ज आणि फौजदारी कारवाई

मे १९९५ मध्ये डलहौसी पब्लिक स्कूलच्या सहलीत १४ विद्यार्थी बियास नदीत बुडाले. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने रिट अर्जावर प्रत्येक मुलाच्या पालकांना ५ लाख रुपये देण्याचा आदेश दिला. २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम ठेवला. सोबतच्या शिक्षकांच्या निष्काळजीपणाला शाळा जबाबदार ठरली.

फौजदारी कारवाईचा हेतू शिक्षा हा असतो. निष्काळजीपणाने इजा करण्याचा गुन्हा आता भारतीय न्याय संहितेच्या कलम १२५ मध्ये आणि मृत्यू घडवण्याचा कलम १०६ मध्ये आहे. १ जुलै २०२४ पूर्वीच्या घटनांना जुनी दंड संहिता लागू होते. शिक्षा झाली म्हणून भरपाई आपोआप मिळत नाही. मात्र प्रथम खबर, पंचनामा आणि वैद्यकीय कागद इतर मार्गांतही उपयोगी पडतात.

५. समारोप

एखादे प्रकरण हाती आले, की तीन प्रश्न विचारा. तलाव कोणाचा? शुल्क घेतले होते का? किती काळ लोटला? या उत्तरांवरून मार्ग ठरतो. इतिहासाचा रोख मात्र एकच दिसतो: ‘मूल कसे चुकले?’ या प्रश्नाकडून न्यायालये ‘सांभाळणाऱ्याने काय करायला हवे होते?’ या प्रश्नाकडे आली. भरपाई मात्र वेळेत मिळाली तरच मुलाच्या उपचारांना उपयोगी पडते. जर्मन सहवैमानिकाच्या दाव्याने हेच दाखवून दिले.

स्वाध्याय: महापालिकेच्या मोफत तलावात १० वर्षांची मुलगी जखमी झाली, तर वरीलपैकी कोणते मार्ग खुले राहतात? कारणांसह लिहा.