दादा, हे खातं कुणाचं?

मित्रांनो, आधी कबुली देतो. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, तेव्हा व्हॉट्सॲपवर आलेला एक 'पूरग्रस्त मदत' क्यूआर कोड मी इथे टाकला. बातमी देताना चार ठिकाणी फोन करणारा मी, त्या दिवशी एकही केला नाही. तासाभरात आपल्यातल्याच एका ताईंनी विचारलं, "दादा, हे खातं कुणाचं?" मला सांगता येईना. त्यावरचा मोबाइल नंबर बंद. पोस्ट काढली, पण तोवर दोघांनी पैसे पाठवले होते. ते मी माझ्या खिशातून परत केले. पण त्यातला एकजण आता मदतीचं नाव काढलं की लांबूनच हात जोडतो. खरं नुकसान ते झालं.

हा हिशोबाचा प्रश्न जुना आहे. १५ जानेवारी १९३४ ला बिहारमध्ये मोठा भूकंप झाला. मुंगेर, मुझफ्फरपूर उद्ध्वस्त झालं, हजारो माणसं गेली. राजेंद्रप्रसाद तेव्हा कैदेत होते. सुटल्यावर त्यांनी मदत समिती उभारली आणि देशभरातून पैसा येऊ लागला. हिशोब सांभाळायला आले जे. सी. कुमारप्पा, लंडनमध्ये शिकलेले हिशोबनीस. पुढे ते आपल्या वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचं काम करत राहिले.

त्यांचा एक प्रसंग सांगितला जातो. गांधीजी आपल्या मंडळींसह बिहारला आले. कुमारप्पांनी महादेवभाई देसाईंना स्पष्ट कळवलं, की या मंडळींचा खर्च भूकंपनिधीतून होणार नाही. लोकांनी पैसा भूकंपग्रस्तांसाठी दिलाय, पाहुण्यांसाठी नाही. गांधीजींना ते पटलं. ज्यांच्या शब्दावर लोक पैसे देत होते, त्यांनाही हिशोब चुकला नाही. मग अनोळखी कोडला आपण का सोडायचं?

आता भामटे एका अक्षरावर फसवतात. मार्च २०२० मध्ये 'पीएम केअर्स'च्या नावाने बनावट यूपीआय आयडी फिरला. त्यात 'केअर्स'चा शेवटचा 'स' तेवढा नव्हता.

म्हणून हात आखडू नका. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट आठवा. पुढे लातूर-धाराशिवची ५२ गावं नव्या जागी वसली, तीही बाहेरून मदत आली म्हणूनच. फक्त देताना एवढं करा:

– पैसे पाठवण्याआधी स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, ते वाचा. संस्थेच्या नावाने मागणी आणि खातं एखाद्या व्यक्तीचं, असं दिसलं तर थांबा.
– मुख्यमंत्री सहायता निधीचा खाते क्रमांक सरकारी वेबसाइटवरूनच घ्या, फॉरवर्डमधून नको.
– संस्थेचा नोंदणी क्रमांक आणि पावती मागा. खरं काम करणारा रागावत नाही.
– वस्तू द्यायच्या तर आधी तिथल्या सरपंचांना किंवा तहसील कार्यालयाला विचारा. चारा हवा असताना जुन्या कपड्यांचा ट्रक काय कामाचा?
– फसवणूक झालीच, तर लगेच १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं अवघड.

यापुढे खात्री केल्याशिवाय मी इथे कुठलाही कोड टाकणार नाही. चुकून टाकलाच, तर त्या ताईंसारखं सगळ्यांसमोर विचारा. मला राग येणार नाही.