वाडी, तांडा नकाशावर आहे का? आपत्तीत डिजिटल नकाशा असा कामी येतो

19 जुलै 2023 च्या रात्री रायगड जिल्ह्यातील खालापूर तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड कोसळली. वाडीला रस्ता नव्हता. बचाव पथकं डोंगर चढून पायी गेली. 27 मृतदेह सापडले, 57 जण बेपत्ता राहिले. दरडप्रवण गावांच्या यादीत या वाडीचं नावच नव्हतं. त्याआधी 30 जुलै 2014 रोजी माळीण गाडलं गेलं, तेव्हा गाव दिसत नाही ही खबर एसटीच्या चालकाकडून बाहेर पोचली.

बीडच्या बालाघाटात धोका वेगळा आहे. आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर भागात ओढ्याला पाणी आलं की फरशी पूल बुडतो आणि पलीकडची वस्ती तुटते. ग्रामपंचायत एक, वस्त्या पाच-सात. 108 ला फोन लावला तर पत्ता काय सांगायचा? 'खिंडीच्या अलीकडं, लिंबापाशी' हे गावात चालतं, बाहेरून आलेल्या पथकाला नाही. स्वामित्व योजनेतली ड्रोन मोजणीही गावठाणाची. शेतातल्या वस्तीला तिचा उपयोग नाही.

'ओपनस्ट्रीटमॅप' हा 2004 पासूनचा मोफत नकाशा. त्यात कुणीही भर घालू शकतो. 2010 चा हैतीतील आणि 2015 चा नेपाळमधील भूकंप झाल्यावर जगभरच्या स्वयंसेवकांनी उपग्रहचित्रं पाहून त्यावर रस्ते, घरं आखली आणि मदत पथकांनी तो वापरला.

पण उपग्रहाला छप्पर दिसतं, वस्तीचं नाव दिसत नाही. कोणता पूल आधी बुडतो, पावसाळ्यात कोणती पाणंद चालू राहते, हेलिकॉप्टर उतरेल असं माळरान कुठं आहे, हे गावातल्या माणसालाच ठाऊक. नोंदी मे महिन्यात केलेल्या बऱ्या. दिवाळीनंतर निम्मा तांडा ऊसतोडीला गेलेला असतो. अंथरुणाला खिळलेली माणसं, गरोदर बाया यांची माहिती मात्र उघड नकाशावर टाकू नये. ती आशाताईंच्या वहीतच बरी.

'ऑस्मअँड', 'ऑरगॅनिक मॅप्स' ही ॲप नकाशा आधी उतरवून ठेवला तर रेंज नसतानाही चालतात. गुगल मॅपवर अंगणात उभं राहून बोट दाबून धरलं की त्या जागेचा 'प्लस कोड' मिळतो. तो दारावर रंगवून ठेवता येतो.

लाईट गेली की मोबाईलही बंद पडतो. म्हणून नकाशाची छापील प्रत ग्रामपंचायतीत, पोलीस पाटलाकडे आणि तहसीलला हवीच, कोपऱ्यात जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक लिहून.